बरं होण्याचं शिबिर आणि एक खोटं भाषांतर

आमच्या संस्थेत एका सोमवारच्या बैठकीत ठरलं, की वस्त्यांमधल्या बायकांना पुढारी करण्याआधी त्यांना बरं करायचं.

तोवर आम्ही त्यांना थेटच पुढारी करत होतो. रेशनचं शिबिर, शाळा समितीचं शिबिर, माहितीच्या अधिकाराचं शिबिर. चहा-बिस्किटं व्हायची, गाणं व्हायचं, आणि बायका आपापल्या वस्तीत जाऊन जमेल तसं भांडायच्या. पण आमच्या नव्या देणगीदारांचं म्हणणं पडलं, की ज्याच्या मनात जखम आहे त्याला दुसऱ्यांचं नेतृत्व करता येत नाही. आधी जखम भरायची, मग नेतृत्व आपोआप उगवतं. आमचे सर, म्हणजे संस्थेचे संचालक, यांना हे लगेच पटलं. देणगीदारांचं सरांना नेहमीच लगेच पटतं. "आपण आजवर वरवरचं काम केलं," सर म्हणाले. वीस वर्षं उन्हातान्हात वस्त्या तुडवलेली मी समोर बसले होते. मीही मान डोलावली.

मी या संस्थेत प्रशिक्षणाचं काम बघते. राहायला सिडकोत, मूळ गाव पाचोडकडचं, तिथली शेती भाऊ करतो. इंग्रजी बरं येतं, म्हणून या कार्यक्रमात माझ्याकडे दोन कामं आली: पंधरा बायका निवडायच्या, आणि बेंगळुरूहून येणाऱ्या प्रशिक्षिकेचं बोलणं मराठीत सांगायचं.

निवडीचा फॉर्म इंग्रजीतून आला होता, मी त्याचं मराठी केलं. 'तुमच्या आयुष्यातली जखम कोणती? ती केव्हा झाली? ती बरी झाली आहे का? तिच्यातून तुम्ही काय शिकलात?'

बायकांनी प्रामाणिकपणे भरला. एकीनं लिहिलं, 'उजवा पाय, कंपनीच्या बसमधून उतरताना. बरी झाली. बस पुरती थांबल्याशिवाय उतरू नये हे शिकले.' दुसरीनं लिहिलं, 'सिझरचे टाके, दोनदा. थंडीत अजून ओढतात.' तिसरीनं फोन करून विचारलं, "मॅडम, म्हशीनं मारलेलं चालतंय का?" मी म्हटलं, चालतंय. सरांनी फॉर्म वाचले आणि कपाळाला हात लावला. "आपल्या बायका अजून तयार नाहीत," म्हणाले. पण पाठवायची तारीख आली होती, म्हणून फॉर्म तसेच गेले. बेंगळुरूहून उत्तर आलं, की इतकं सखोल लेखन त्यांच्या पाहण्यात नाही, या स्त्रिया आपलं दुःख शरीराच्या भाषेत सांगताहेत. म्हशीवाल्या बाईंचं तर त्यांनी विशेष कौतुक केलं होतं.

त्या पंधरांपैकी दोघींबद्दल सांगायला हवं.

एक वाळूजकडच्या वस्तीतल्या बाई. कंत्राटावर एका कारखान्यात सुटे भाग खोक्यांत भरण्याचं काम करायच्या, आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या पाण्याच्या टँकरसाठी भांडायच्या. घर बौद्ध, रविवारी विहारात वंदनेला बायका जमवायचं कामही त्यांच्याकडेच. बुटक्या, काळ्यासावळ्या, आणि बोलताना समोरच्याच्या थेट तोंडाकडे बघायची सवय. दुसऱ्या फुलंब्री तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच. जागा महिलांसाठी राखीव झाली आणि या निवडून आल्या, पण गावात 'सरपंच' म्हणून हाक मारली की त्यांचा नवरा 'ओ' द्यायचा. यांना लोक 'सरपंचाची बायको' म्हणत. घर दुमजली, दारात ट्रॅक्टर. आमच्या अहवालात मात्र या दोघींचं नाव एकाच रकान्यात होतं: 'तळागाळातलं नेतृत्व.'

शिबिर खुलताबादच्या रस्त्यावर एका केंद्रात होतं, तीन दिवसांचं. फलकावर संभाजीनगर छापलेलं, प्रमाणपत्रांवर औरंगाबाद, कारण प्रमाणपत्रं जुनी शिल्लक होती. बायका भलत्याच खुशीत आल्या. तीन दिवस आयतं जेवण, आणि ताट धुवायला दुसरं कुणी. अर्ध्या तर तिथंच बऱ्या झाल्या असाव्यात.

प्रशिक्षिका माझ्या मुलीच्या वयाची होती. सुती झब्बा, पायात चांदीचं कडं, आवाज इतका हळू की मागच्या बायका मान पुढे काढून बसायच्या. तिला हिंदी येत होतं, पण खोल गोष्टी आपल्याला इंग्रजीतच सुचतात, असं तिनं सांगितलं. बायकांनी तिला 'मोठ्या मॅडम' ठरवलं आणि मला 'लहान मॅडम'.

हॉलमध्ये गाद्यांचं गोल रिंगण, मधोमध झेंडूच्या पाकळ्या आणि एक जाड मेणबत्ती. मार्च संपत आला होता, पत्र्यावर ऊन नुसतं तडतडत होतं, आणि मेणबत्ती विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. वाळूजच्या बाईंनी मेणबत्तीकडे बघितलं, चारही भिंतींकडे बघितलं.

"मॅडम, मूर्ती नाय, फोटो नाय. वंदना कुणाची करायची?"

मी विचारलं. मोठ्या मॅडमनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की ही ज्योत आपल्या आतल्या प्रकाशासाठी आहे.

"आतला हाय ना? मंग त्याला वाऱ्याचं काय भ्या? पंखा लावा की," बाई म्हणाल्या आणि वळून सगळ्यांना विचारलं, "कुणाकुणाला पंखा पायजे, हात वर करा."

पंधरा हात वर गेले. सोळावा माझा जाणार होता, तो मी कसाबसा आवरला. पंखे सुरू झाले, मेणबत्ती विझली. नेतृत्वाचा पहिला निर्णय शिबिराच्या नवव्या मिनिटाला झाला, पण तो कार्यक्रमपत्रिकेत नसल्यामुळे मी त्याची नोंद घेतली नाही.

मग 'आतलं मूल' आलं. प्रत्येकीच्या आत एक लहान मूल दडलेलं असतं, ते रडत असतं, त्याच्याशी बोला, असं मोठ्या मॅडम सांगत होत्या. मी 'आतलं लेकरू' असं भाषांतर केलं. रिंगणात कुजबुज झाली. सरपंचबाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "मॅडम, त्येंला सांगा, माझं आपरेशन झालंय." एक हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मोठ्या मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं, काय होतंय? मी सांगितलं, त्या आपल्या बालपणाशी जोडल्या जाताहेत.

खरं म्हणजे तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मी काय करत आहे. पण वीस वर्षांत मी हेच करत आले होते. वस्तीतलं वर सांगताना थोडं गोड करायचं, वरचं वस्तीत सांगताना थोडं सोपं करायचं. कुणाला लागू नये, कुणाचं अडू नये. लोक मला 'दुवा' म्हणायचे आणि मला तो शब्द फार आवडायचा.

दुपारी डोळे मिटून पडायला सांगितलं. पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडत वर यायचं होतं. गुडघ्यापर्यंत पोचेपर्यंत पहिलं घोरणं ऐकू आलं, वाळूजच्या बाईंचं. त्या आदल्या दिवशी दुसरी शिफ्ट करून आल्या होत्या. कंबरेपर्यंत आलो तेव्हा सगळं रिंगण झोपलं होतं. मोठ्या मॅडमचे डोळे भरून आले. "ही जागा त्यांना सुरक्षित वाटते," त्या माझ्या कानात म्हणाल्या. ते मात्र खरंच असावं. भरदुपारी, कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी आडवं व्हायला त्या बायकांना किती वर्षांनी मिळालं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोड्या लावल्या. समोरासमोर बसायचं, तीन मिनिटं एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं आणि मग समोरचीबद्दल मनात येईल ते खरं बोलायचं. बायका पंधरा, म्हणून शेवटची जोडी पुरी करायला मला बसवलं. समोर वाळूजच्या बाई.

मी हसून बसले. पहिल्या मिनिटाला मला वाटलं, त्या विनोद करतील. दुसऱ्या मिनिटाला मी नजर त्यांच्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे नेली, तिथून भिंतीकडे. त्या बघतच होत्या.

वेळ संपली तशी त्या अगदी सरळ, भांडणाचा सूर न लावता म्हणाल्या, "मॅडम, तुमी तीन सालापासून आमच्याकडं येताय. एकदाबी घरात येऊन बसला नाय. ओट्यावर उभं राहूनच फॉर्म भरता. पानी दिलं तर म्हणता, माझ्याकडं बाटली हाय. मी दर खेपंला पानी देते. मला बघायचं असतंय, आज घेता का."

सांगायला माझ्याकडे कारणं होती. घाई असते, पाच वस्त्या करायच्या असतात, पोट नाजूक आहे. सगळी खरी होती. पण पाचोडकडच्या आमच्या नातेवाइकांच्या घरी मी दोन दोन पेले पाणी पिते आणि पोटाला काही होत नाही, हेही खरं होतं. आपण असले नाही, असं मी स्वतःबद्दल इतकी वर्षं धरून चालले होते, की ते कधी तपासून बघायचं राहूनच गेलं.

मोठ्या मॅडम आमच्या शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असणार, की इथं काहीतरी मोठं घडलंय. "त्या काय म्हणाल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हणाले, "त्या म्हणतात, मी खूप छान ऐकून घेते."

मोठ्या मॅडमनी दोन्ही हात छातीवर ठेवले. वाळूजच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी कळत नाही, याचा मला त्या क्षणी फार आधार वाटला.

दुपारी पत्र लिहायचं होतं. ज्यानं आपल्याला सगळ्यात जास्त दुखावलं त्याला, सगळं मोकळेपणानं. लिहून झालं की पत्र वाचायचं, त्या माणसाला माफ करायचं आणि अंगणातल्या घमेल्यात पत्र जाळून टाकायचं. मोठ्या मॅडमनी रंगीत कागद वाटले. आमच्या बायकांना पत्र म्हणजे अर्ज एवढंच माहीत. वाळूजच्या बाईंनी गुलाबी कागदावर सुरुवात केली: 'प्रति, मा. पाणीपुरवठा अधिकारी साहेब. विषय: टँकरची पाळी चुकवून आम्हाला दुखावल्याबाबत.' खाली वस्तीतल्या म्हाताऱ्या, बाळंतिणी, शिफ्टवरून येणाऱ्या बाया, कुणाचे किती हाल होतात, मुद्देवार. त्यांनी वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या.

"आता जाळा," मी मोठ्या मॅडमचा निरोप सांगितला.

"जाळा?" बाईंनी कागद छातीशी धरला. "आधी झेरॉक्स काढू. आन् सह्या राहिल्यात." त्यांनी तिथंच सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता त्यांनीही केल्या. मोठ्या मॅडमही आपली सही करून बसल्या, त्यांना वाटलं हा सामूहिक माफीचा भाग आहे.

सरपंचबाईंचं पत्र सगळ्यात छोटं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या, कागद दोन्ही हातांत धरला. "लिहिते की, तुमी माझ्या खुर्चीवर बसता. मी कोऱ्या कागदावर सही करते. लोक तुमाला सरपंच म्हणतात तवा तुमी माझ्याकडं बघत बी नाय. एकडाव बघितलं असतं तर मी काय म्हणले नसते."

कुणी हसलं नाही. मोठ्या मॅडम हळूच म्हणाल्या, त्यांना विचारा, माफ करू शकाल का? मी विचारलं.

"माफ कशाला?" सरपंचबाई गोंधळून म्हणाल्या. "खुर्ची सोडा म्हणते मी." आणि पत्राची बारीक घडी करून त्यांनी ती ब्लाउजमध्ये ठेवली. घमेल्यात शेवटी आम्ही दोन कोरे कागद जाळले, फोटोपुरते.

तिसऱ्या दिवशी समारोप. मोठ्या मॅडमना शेवटचे चार शब्द बायकांशी थेट बोलायचे होते, म्हणून त्या हिंदीत बोलल्या. एकेकीला धन्यवाद देत वाळूजच्या बाईंपाशी आल्या. "और आपने कल इनके बारे में जो कहा ना, कि ये बहुत अच्छा सुनती हैं, वो मैं कभी नहीं भूलूँगी."

हिंदी बाईंना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. कारखान्यात त्यांच्या ओळीत निम्मे लोक उत्तरेकडचे. त्यांनी ते ऐकलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझं पितळ उघडं पडणार.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ऐकतात. पुढं पोचवत नाय."

"क्या कहा?" मोठ्या मॅडमनी मला विचारलं.

मी म्हटलं, "त्या म्हणतात, मी ऐकते, पण पुढे पोचवत नाही. आणि कालचं मी खोटं सांगितलं. त्या असं म्हणाल्याच नव्हत्या." मग काल त्या काय म्हणाल्या होत्या ते पाण्याच्या बाटलीसकट सांगितलं, आधी इंग्रजीत, मग रिंगणासाठी मराठीत. तीन दिवसांतलं माझं तेवढंच भाषांतर शब्दाला शब्द होतं.

मोठ्या मॅडमनी काही समजूत घातली नाही, हे त्यांचं मोठेपण मानायला हवं. "तुम्हाला त्यांना काही सांगायचंय?" एवढंच विचारलं. तीन दिवस दुसऱ्यांची वाक्यं बोलून माझ्याकडे माझं एकही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." बाई म्हणाल्या, "बरं." आणि जेवणाची घंटा झाली.

पुढच्या आठवड्यात मी वाळूजला गेले. घरात जाऊन पलंगावर बसले. बाईंनी पाणी दिलं, मी प्यायले. त्यांनी काही विशेष झाल्यासारखं दाखवलं नाही, मलाच उगाच आपण काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. चहाचा कप हातात देत त्यांनी विचारलं, "मागले तीन अर्ज तुमच्याकडं दिले व्हते. कुठं हायेत?"

तेव्हा मला 'पोचवत नाय' याचा दुसरा अर्थ कळला. त्यांना नुसतं भाषांतर म्हणायचं नव्हतं. ऑफिसात येऊन शोधलं. तिन्ही अर्ज सापडले, प्लॅस्टिकच्या कव्हरात, नीट. वार्षिक अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडले होते. मथळा होता, 'वाढता आत्मविश्वास: महिलांनी स्वतः लिहिलेले अर्ज.' ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात द्यायचे असतात, हे माझ्यासकट कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते तीन आणि चौथा गुलाबी, असे घेऊन आम्ही बारा जणी त्या कार्यालयात गेलो. साहेबांनी गुलाबी कागद उलटसुलट करून पाहिला. "ही खालची इंग्रजी सही कुणाची?"

"बेंगळुरूच्या मॅडम हायेत. मोठ्या," वाळूजच्या बाई म्हणाल्या. साहेब खुर्चीत जरा सरळ झाले. टँकरच्या पाळीचा वार आता वस्तीच्या कमानीवर लिहून लावलेला आहे. नळ आलेला नाही. टँकरही अजून चुकतो, पण चुकला की कुणाला फोन करायचा ते खाली लिहिलेलं आहे, आणि बायका करतात.

सरांनी अहवाल लिहिला: शिबिरातल्या अंतर्यात्रेमुळे सहभागी महिलांच्या जखमा भरून आल्या आणि त्यातून पाण्याच्या प्रश्नाला वाचा फुटली. मी तो वाचला आणि पहिल्यांदाच सरांना म्हटलं, की असं झालेलं नाही. सर म्हणाले, "तुम्ही शिबिरापासून जरा बदललात." मग विचार करून त्यांनी तेही अहवालात घातलं.

जूनमध्ये एके दिवशी सरपंचबाईंचा फोन आला. ग्रामसभेतूनच बाहेर येऊन बोलत होत्या, मागे गलका ऐकू येत होता.

"मॅडम, आज मी लौकर येऊन खुर्चीवर बसले. ते आले आन् उभेच राहिले. ग्रामसेवक दुसरी खुर्ची आणाया गेला, तर म्हणले राहू दे, आन् मागं लोकात जाऊन बसले. मंग त्यांचा फोन वाजला, भाईर गेले, ते आलेच नाय."

"आणि तुम्ही?"

"मला माईक हातात धरायची सवय नाय. मंग टेबलावर ठेवला. आन् खुर्चीत बसूनच बोलले."

"मग काय झालं?"

"मंग काय," त्या म्हणाल्या, "पुढचा विषय घेतला."